पडलेली एक्सटर्नल हार्ड डिस्क आणि तिच्यातल्या ओव्या: सल्ला हवा आहे

माणदेशी

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे.

आमच्या माण तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या मी गेली काही वर्षं रेकॉर्ड करत आले आहे. माझी आजी, तिची जाऊ, शेजारच्या वाडीतल्या दोघीतिघी. यातल्या काही जणी आता हयात नाहीत. सगळं रेकॉर्डिंग वेव्ह फायलींमध्ये, २ टीबीच्या लहान (२.५ इंची) एक्सटर्नल हार्ड डिस्कवर आहे. त्याची दुसरी प्रत करण्याचं काम चालू होतं, त्याच वेळी केबलला धक्का लागून डिस्क टेबलावरून शहाबादी फरशीवर पडली. पडली तेव्हा ती चालू होती.

आता लॅपटॉपला लावली की दिवा लागतो, आतून 'बी... बी... बी...' असा बारीक आवाज येतो, मग सगळं शांत. कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही. गावातला दुकानदार म्हणतोय, 'ठेवून जा, रात्री उघडून बघतो.' घरातलं कुणी म्हणतंय रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, कुणी म्हणतंय हलकेच टपली मार. यातलं काय करू आणि काय करू नको?

कॅपॅसिटर

ताई, आधी एकच करा. डिस्क काढून बाजूला ठेवा आणि पुन्हा लावू नका. 'एकदा बघते' म्हणूनही नाही. दुकानदाराकडेही देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

तो 'बी-बी' आवाज मोटरचा आहे. या डिस्क बंद असतात तेव्हा वाचणारे हेड्स प्लॅटरच्या (डेटा साठवणाऱ्या गोल चकतीच्या) बाहेर एका छोट्या रॅम्पवर चढून बसलेले असतात. चालू असताना प्लॅटर मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०, आणि हेड तिच्यावर हवेच्या थरावर तरंगतं. मधलं अंतर फक्त काही नॅनोमीटर. धक्का बसला आणि हेडला रॅम्पवर परतायला जमलं नाही की ते प्लॅटरवर टेकतं. दोन्ही पृष्ठभाग इतके गुळगुळीत असतात की ते तिथेच चिकटतं. मग मोटर फिरायला बघते, तिला फिरता येत नाही आणि तो आवाज येतो. दुसरी शक्यता म्हणजे मोटरचं बेअरिंगच अडकलं असेल. दोन्हींत डिस्क स्वच्छ खोलीत उघडावी लागते.

तुमच्या बाजूची गोष्ट अशी की प्लॅटर फिरत नाहीये, म्हणजे सध्या तरी काही घासलं जात नाहीये. टपली मारली, हेड सुटलं आणि प्लॅटर फिरायला लागली तर वाकलेलं हेड सेकंदाला ९० वेळा त्याच जागेवरून जाईल. डेटा प्लॅटरवरच्या अगदी पातळ चुंबकीय थरात असतो. तो थर खरवडला गेला की तिथलं कुठल्याच लॅबला काढता येत नाही.

फ्रीजर अजिबात नको. थंड डिस्क बाहेर काढली की आत बाष्प धरतं आणि ते प्लॅटरवर बसतं. हा उपाय नेटवर फार जुन्या काळापासून फिरतोय. आजच्या डिस्कमध्ये डेटा पूर्वीपेक्षा कितीतरी दाट असतो, हेड कितीतरी जवळून जातं, त्यामुळे त्याने नुकसानच होतं.

आणि 'रात्री उघडून बघतो' याला ठाम नाही म्हणा. डिस्क उघडायची ती १०० क्लासच्या स्वच्छ हवेत, म्हणजे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे कण १०० पेक्षा जास्त नसतात अशा ठिकाणी. दुकानाच्या टेबलावर पंखा चालू असताना ते शक्य नाही. माणूस वाईट नसेल, पण हे काम तिथलं नाही.

सह्याद्रीपुत्र

कॅपॅसिटर, पूर्ण अनुमोदन. थोडी भर घालतो.

कुणी 'डिस्क केसमधून काढून थेट कॉम्प्युटरला सॅटाने (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कच्या जोडणीने) जोडू' म्हणालं तर तेही थांबवा. ३.५ इंची मोठ्या एक्सटर्नल डिस्कमध्ये बहुधा आत साधी सॅटा डिस्क असते आणि बाहेरची छोटी पाटी (सर्किट बोर्ड) फक्त यूएसबीचं भाषांतर करते. तिथे पाटी बिघडली असेल तर हा उपाय चालतो. पण बऱ्याच २.५ इंची डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट डिस्कच्या मुख्य पाटीवरच असतं, सॅटा नसतंच. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्टच्या कित्येक मॉडेलांमध्ये त्याच पाटीवर एन्क्रिप्शनही (डेटा सांकेतिक करून लिहिणं) चालतं, तुम्ही पासवर्ड ठेवलेला असो वा नसो. तिथे मूळ पाटी हरवली तर प्लॅटर धडधाकट असूनही हातात कचरा येतो. म्हणून डिस्कचा एकही भाग टाकू नका. केस, पाटी, केबल, सगळं एकत्र ठेवा.

तशाच मॉडेलची दुसरी डिस्क घेऊन तिची पाटी लावायचा उपायही सांगतात. पूर्वी चालायचा. आता प्रत्येक डिस्कचे स्वतःचे हेडचे मोजमाप-आकडे कारखान्यात तिच्या पाटीवरच्या छोट्या रॉम चिपमध्ये भरलेले असतात. ती चिप उकलून नव्या पाटीवर डकवल्याशिवाय नुसती पाटी बदलून काही होत नाही.

अनघा_डोंबिवली

माणदेशी ताई, तुमच्या ओव्या परत मिळोत, मनापासून. वेगळा धागा न काढता इथेच माझं विचारते, प्रकार जवळचा आहे.

माझी डिस्क पडलेली नाही. पण गेल्या महिन्यापासून फोल्डर उघडायला खूप वेळ लागत होता, आणि आता लावली की विंडोज म्हणतं, 'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा.' प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टिमच्या (कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदवहीच्या) जागी 'रॉ' दिसतं. आवाज नेहमीसारखाच आहे. मुलाचे जन्मापासूनचे फोटो आणि बाबांच्या जमिनीच्या कागदांचे स्कॅन त्यात आहेत. नवरा म्हणतोय विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क चालव, त्याच्या ऑफिसातही तेच करतात. चालवू का?

टर्मिनल

अनघा, नको. फॉरमॅटला 'कॅन्सल' आणि चेकडिस्कही नको.

तुमच्या ह्यांचं ऑफिसातलं खरं असेल. चांगल्या डिस्कवर फाइल सिस्टिम थोडी बिघडली असेल तर चेकडिस्क कामाचं आहे. पण त्याचं उद्दिष्ट फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवणं हे आहे, तुमचे फोटो वाचवणं हे नाही. जो भाग वाचता येत नाही तिथल्या नोंदी ते काढून टाकतं, सुटे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फायली करून टाकतं, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहीत जातं. 'उघडायला वेळ लागत होता' हे तुमचं वाक्य मला जास्त काळजीचं वाटतं. ते फाइल सिस्टिमचं नाही, बॅड सेक्टरचं (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा, बॅड म्हणजे नीट वाचता न येणारा) लक्षण आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडून फक्त स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, नोंदी बघा. ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (वाचायला अडणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर) आणि सी६ (दुरुस्त न होणारे). रॉ व्हॅल्यूचा रकाना बघायचा. वरती 'गुड' लिहिलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका. सी५ मध्ये शून्याखेरीज काही दिसलं तर पुढची कुठलीही तपासणी न करता प्रत काढायच्या मागे लागा. सी७ वाढलेला असेल तर मात्र दोष केबलचा किंवा जोडणीचा असू शकतो.

आकडे इथे टाका, मग पुढचं सांगतो.

वाशिष्ठी

दोन्ही प्रश्नांशी थेट संबंध नाही, पण धागा पुढेही वाचला जाईल म्हणून लिहितो. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळूणच्या दुकानातली हिशेबाची डिस्क गाळाच्या पाण्यात बुडाली. वाळवायला घेतली होती, पण ओळखीच्या एकाने वेळीच थांबवलं. डिस्कच्या झाकणावर हवा आत-बाहेर जायला बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत गेलेलं असतं. ती वाळली की पाण्यातले क्षार आणि माती प्लॅटरवर घट्ट बसतात. म्हणून उन्हात, तांदळात किंवा हेअर ड्रायरने वाळवायची नाही. ओलसर कापडात गुंडाळून, बंद पिशवीत घालून लवकरात लवकर लॅबला न्यायची. चालू तर मुळीच करायची नाही. आमचा डेटा बहुतेक सगळा मिळाला. कोकणात, कोल्हापूर-सांगलीकडे दरवर्षी पावसाळ्यात कुणावर ना कुणावर ही वेळ येते, म्हणून सांगितलं.

निरंजन_

वीज तोडणं किती मोलाचं आहे याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात मोठं उदाहरण कोलंबिया यानाचं आहे. १ फेब्रुवारी २००३ ला कल्पना चावलांसह सात अंतराळवीर ज्या दुर्घटनेत गेले, त्याच यानात झेनॉन वायूच्या प्रयोगाची एक हार्ड डिस्क होती, जेमतेम ३४० एमबीची. ती पुढे काही महिन्यांनी अवशेषांमध्ये सापडली. बाहेरचे प्लास्टिकचे भाग वितळलेले, आत माती. पण यान तुटलं तेव्हा डिस्क फिरत नव्हती, प्लॅटर वाकल्या नव्हत्या. अमेरिकेतल्या एका रिकव्हरी लॅबने त्या धुऊन दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के डेटा काढला. २००८ साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष छापूनही आले.

ताई, तुमची फक्त टेबलावरून पडली आहे. धीर सोडू नका.

माणदेशी

सगळ्यांचे आभार. वाचून हात थांबले. डिस्क केबलसकट डब्यात ठेवली आहे, दुकानदाराला 'नको' म्हणून सांगितलं. आता पुण्याला न्यावी की मुंबईला? आणि लॅब खरी की नुसतं दुकान, हे कसं ओळखायचं?

कॅपॅसिटर

इथे जाहीर नावं देत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पण कुठेही गेलात तरी हे विचारा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, पाटी 'डेटा रिकव्हरी' अशी असली म्हणून काम तिथेच होतं असं नाही. पुष्कळ ठिकाणी डिस्क फक्त घेतली जाते आणि पुढे पाठवली जाते. त्यात गैर काही नाही, पण मधल्या माणसाने 'एकदा लावून बघितलं' तर खेळ संपतो. म्हणून स्वच्छ खोली स्वतःची आहे का आणि ती बघता येईल का, हे पहिल्यांदा विचारा. 'हेड बदलावे लागले तर डोनर डिस्क (जिचे हेड काढून वापरायचे ती) कुठून आणता?' याचं उत्तर अडखळत आलं तर परत या. डोनर नुसत्या त्याच मॉडेलची असून भागत नाही. फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्रॅम), हेडची संख्या, बऱ्याचदा बनल्याची जागा आणि काळही जुळावा लागतो.

खर्च हजारांत जातो, हेडचं काम निघालं तर बराच वर जातो. तपासणीनंतर आकडा लेखी घ्या. 'डेटा नाही तर पैसे नाहीत' अशी अट अनेक लॅब ठेवतात, पण डोनर डिस्कचे पैसे त्या अटीत येतात की वेगळे, हे विचारल्याशिवाय सही करू नका. आणि काढलेल्या फायलींची यादी पैसे भरण्याआधी बघायला मागा. तुमच्या कामात कुठल्या फोल्डरला प्राधान्य आहे तेही लिहून द्या. जखमी हेड किती वेळ तग धरेल सांगता येत नाही, त्यामुळे चांगले लोक महत्त्वाचा भाग आधी उचलतात.

जाता जाता, डिस्कचं खोकं आणि बिल शोधा. काही सीगेट मॉडेलांसोबत ठरावीक वर्षांची डेटा रिकव्हरी सेवा खरेदीतच मिळते आणि लोकांना ते माहीतच नसतं. साधी वॉरंटी मात्र डिस्क बदलून देते, डेटा नाही. वॉरंटीत दिलीत तर ओव्या परत येणार नाहीत.

अनघा_डोंबिवली

टर्मिनल, ०५ मध्ये शून्य आहे. सी५ आणि सी६ दोन्हींत काहीशे आहेत. वर पिवळ्या रंगात 'कॉशन' लिहून आलंय. डिस्क १ टीबीची आहे.

टर्मिनल

म्हणजे अंदाज बरोबर. हेड अजून वाचतंय, पण पृष्ठभागाचे काही तुकडे गेले आहेत. आवाज बदलला तर तिथेच थांबा आणि लॅब गाठा. तोपर्यंत घरी करता येण्यासारखं आहे, फक्त शांतपणे आणि याच क्रमाने.

फायली कॉपी करायच्या नाहीत. पूर्ण डिस्कची इमेज काढायची, म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं. त्यासाठी कमीत कमी तेवढीच मोठी नवी डिस्क लागेल, २ टीबीची घ्या. विंडोजमधून नको. विंडोज डिस्क दिसली रे दिसली की स्वतःहून फोल्डर वाचायला, थंबनेल करायला जातं आणि बॅड सेक्टरवर अडकून राहतं. पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) घेऊन त्यातून कॉम्प्युटर सुरू करा आणि जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. अंतोनियो दियाझ दियाझ यांचा मोफत प्रोग्रॅम आहे. याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचा दुसराही एक आहे, तो घेऊ नका.

याची खुबी अशी की तो अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही. पहिल्या फेरीत सहज वाचता येणारं सगळं उचलतो, वाईट पट्टे उडी मारून मागे ठेवतो, आणि काय मिळालं काय नाही याची नोंद मॅप फाइलमध्ये करतो. मॅप फाइल द्यायला विसरू नका. ती असली की वीज गेली, डिस्क तापली, काहीही झालं तरी थांबून नंतर तिथूनच पुढे जाता येतं. ती नसली तर दर वेळी पहिल्यापासून. पहिली फेरी 'खरवडण्या'शिवायची, म्हणजे वाईट पट्टे एकेक सेक्टर करून न वाचता करा, त्यासाठी वेगळा पर्याय आहे. नव्वद-पंच्याण्णव टक्के मिळाल्यावर मग उरलेल्यावर दोन-तीन प्रयत्न. डिस्कखाली हवा खेळू द्या, वर टेबलफॅन सोडा.

निरोगी १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने पावणेतीन तासांत होते. तुमची कित्येक पट जास्त वेळ घेईल. चालू द्या.

एक धोका मोठ्या अक्षरात लिहावासा वाटतो. आज्ञेत आधी जुनी डिस्क, मग नवी. क्रम उलटला तर कोरी डिस्क तुमच्या फोटोंवर लिहिली जाईल. एंटर दाबण्याआधी उबुंटूच्या 'डिस्क्स' प्रोग्रॅममध्ये दोन्हींचे सीरियल नंबर वाचून कागदावर लिहा. मूळ १ टीबी आणि नवी २ टीबी असल्याचा इथेही फायदा होतो, नजरेला फरक कळतो.

इमेज हातात आली की जुनी डिस्क कपाटात. पुढचे सगळे प्रयोग इमेजच्या प्रतीवर. टेस्टडिस्क या मोफत प्रोग्रॅमने आधी विभाग (पार्टिशन) शोधा. फाइल सिस्टिमच्या नेहमीच्या प्रकारांपैकी एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची (विभागाची रचना सांगणाऱ्या पहिल्या सेक्टरची) प्रत विभागाच्या अगदी शेवटी ठेवतं, एक्सफॅट १२ व्या सेक्टरपासून ठेवतं. पुष्कळदा तेवढी परत बसवली की सगळे फोल्डर नावांसकट उघडतात. ते नाहीच जमलं तर टेस्टडिस्क लिहिणाऱ्या क्रिस्तोफ ग्रेनिये यांचाच फोटोरेक हा प्रोग्रॅम.

ध्वनिमुद्रक

माणदेशी, मी स्टुडिओत काम करतो. एक दिलासा देतो. तुम्ही वेव्हमध्ये ठेवलंत हे फार चांगलं झालं. वेव्हमध्ये आवाज न दाबता सरळ ओळीने लिहिलेला असतो. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ धरलं तर सेकंदाला १,७६,४०० बाइट. आजच्या डिस्कवरचा एक सेक्टर ४०९६ बाइटचा. म्हणजे एक सेक्टर गेला तर सेकंदाचा जेमतेम चाळिसावा-पंचेचाळिसावा भाग जातो. ओवीत एक 'टक्' ऐकू येईल, ओवी जाणार नाही. झिप करून ठेवलं असतंत तर तोच एक सेक्टर आतली अख्खी फाइल अडवू शकला असता. फोटोत बिघाड झाला की त्या जागेखालचं चित्र राखाडी होतं किंवा सरकतं. मोबाइलच्या व्हिडिओचं अजून नाजूक, त्याची अनुक्रमणिका असलेला तुकडा गेला तर बाकी सगळं शाबूत असूनही तो उघडत नाही.

म्हणून लॅबला स्पष्ट सांगा की अर्धवट फायलीही हव्यात. काही ठिकाणी 'करप्ट' म्हणून त्या यादीतूनच वगळतात.

माणदेशी

उशिरा लिहितेय, क्षमस्व. कॅपॅसिटर यांनी व्यनित सुचवलेल्या लॅबमध्ये डिस्क दिली होती. हेड्स प्लॅटरवर चिकटलेलेच होते. ते सोडवून रॅम्पवर नेले, पण त्यातलं एक नीट वाचत नव्हतं, म्हणून डोनर शोधून हेड्स बदलावे लागले. एका प्लॅटरवर हेड टेकलं होतं तिथे बारीक ओरखडा आहे, तो भाग गेला.

पण बाकी आलं. आजीची सगळी रेकॉर्डिंग आली. काल रात्री तिची 'पहिली माझी ववी' लावली आणि घरातले सगळे गप्प बसून ऐकत राहिलो. जी गेली त्यात एका वाडीच्या दोन बैठका आहेत. त्यातल्या एका आजी अजून गातात, त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहे. दुसऱ्या नाहीत, त्यांच्या फाइलमध्ये मधेमधे मोठ्या फटी आहेत.

ध्वनिमुद्रक, त्या फटी तुमच्याकडे भरून मिळतील का?

ध्वनिमुद्रक

'टक्' काढून देईन, आनंदाने, पैसे नकोत. मोठ्या फटी भरणार नाही. तिथे काहीही घातलं तरी ते त्या बाईंचं नसेल. लॅबकडून आलेली फाइल आहे तशीच मूळ म्हणून जपा, मी काम करेन ते वेगळ्या प्रतीवर. कुठल्या मिनिटाला काय नाही ते एका कागदावर लिहून सोबत ठेवू. शब्द कुणाच्या वहीत उतरवलेले असतील तर तेही त्याच फोल्डरमध्ये टाका. एक ओवी अनेक गावांत थोड्या फरकाने गायली जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगाव जाऊन जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर येत आहेत. हरवलेल्या ओळीचं दुसरं रूप तिथे सापडू शकेल. आवाज नाही, पण ओळ मिळेल.

निरंजन_

ताई, फार बरं वाटलं वाचून. माझ्याकडे घरच्या सर्व्हरवर भरपूर जागा आहे, तो नाशिकला आहे. तुम्हाला चालणार असेल तर एक प्रत तिथे ठेवतो. तुमच्या गावापासून लांब, वेगळ्या घरात, वेगळ्या डिस्कवर. चेकसमची (प्रत्येक फायलीच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखीच्या आकड्यांची) यादी करून देतो, म्हणजे पुढे कधीही फायली तशाच आहेत का ते ताडून बघता येईल.

माणदेशी

चालेल काय, हवंच आहे. व्यनि केला आहे.

अनघा_डोंबिवली

माझंही झालं. थोडेसेच तुकडे सोडून सगळी इमेज निघाली. टेस्टडिस्कला विभाग सापडला, बाबांचे कागद नावांसकट मिळाले. पण फोटोंचे काही फोल्डर रिकामेच दिसतात. त्यासाठी फोटोरेक चालवलं तर हजारो फायली आल्या, सगळ्यांची नावं आकड्यांची. आता कोणत्या सालचा कोणता फोटो हे कसं लावू?

टर्मिनल

फोटोरेक फाइल सिस्टिमकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फायलीची सुरुवात ठरलेल्या बाइटनी होते, त्या खुणांवरून ते फाइल उचलतं. नाव आणि फोल्डर ही माहिती फाइल सिस्टिममध्ये होती, म्हणून ती येत नाही. पण कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने काढलेल्या जेपेगच्या पोटात तारीख-वेळ लिहिलेली असते. एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्रॅम त्या तारखेवरून फायलींना नावं देतो आणि वर्ष-महिन्याचे फोल्डरही करून देतो. आधी अगदी छोट्या फायली वेगळ्या काढा, त्यात बरीचशी थंबनेल आणि ब्राउझरचा कचरा असतो. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंमध्ये ही तारीख राहत नाही, ते शेवटी उरतील. तेवढे हाताने लावावे लागतील. मुलाला सोबत घेऊन बसा.